पहिले दोन दिवस मजा, मग पोल थंड का पडतो

सांगलीकडच्या एका मॅडमनी विचारलंय, प्रश्न मोठा आहे म्हणून आधी माझ्या शब्दांत थोडक्यात मांडतो. त्या ज्युनिअर कॉलेजला अकरावीला फिजिक्स शिकवतात, वर्गात ७० पोरं, कॉलेजात मोबाइलला बंदी, फक्त शनिवारी परवानगी काढून आणता येतो. रात्री ८ ला सीईटीची ऑनलाइन बॅच. त्यांनी एक फुकटातलं पोलिंगचं टूल, म्हणजे प्रश्न टाकून सगळ्या पोरांची उत्तरं फोनवरनं एकदम गोळा करायचं, वापरून बघितलं, पहिले दोन दिवस पोरं जाम खुश, तिसऱ्या वेळी निम्म्यांना जॉइनच होता येईना, वर्ड क्लाउडमध्ये, म्हणजे पोरांनी लिहिलेले शब्द स्क्रीनवर एकत्र दिसतात त्यात, कुणीतरी शिवी टाकली ती मोठ्या अक्षरात आली, आणि ऑनलाइनला तर ६० पोरांतून १५-२० उत्तरं. शेवटी विचारलंय, यापेक्षा चांगलं टूल कुठलं, आणि पोलचे मार्क इंटर्नलला धरले तर पोरं सिरियसली घेतील का?

मॅडम, मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजलाच फिजिक्स शिकवतो, १९ वर्षं झाली, आणि हे पोलिंगचे उद्योग लॉकडाऊनच्या आधीपासून चालू आहेत. त्यामुळं तुमचं तिसऱ्या दिवसाचं वर्णन वाचून हसू पण आलं आणि जीव पण कळवळला, कारण शिवीसकट अगदी तेच माझ्या वर्गात झालंय. टूलचं एक नाव टाकून मोकळं होता आलं असतं, पण मग महिन्याभरानं तुम्ही परत इथंच असता. मला तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी दिसतात, प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. आणि त्यांच्या खाली एक चौथं आहे जे तुम्ही लिहिलेलं नाही, पण "पहिले दोन दिवस खुश" म्हणताना ते येऊन गेलंय. त्याच्यावर मी जास्त बोलणार आहे.

आधी सोपं. निम्म्यांना जॉइन होता आलं नाही ते बहुतेक नेटमुळं नसणार, प्लॅनच्या मर्यादेमुळं असणार. फुकट प्लॅनला माणसांची मर्यादा असते आणि ती आपण कधी वाचत नाही. मेंटीमीटर नावाच्या टूलचं घ्या, फुकट प्लॅनला महिन्याला ५० सहभागी असा हिशोब आहे, तुमचा एक वर्गच ७० चा, म्हणजे पहिल्या एक-दोन सेशनमध्येच कोटा संपला. स्लायडोत एका सेशनला १०० पर्यंत माणसं चालतात पण पोल तीनच. कहूटमध्ये अकाउंट कुठल्या प्रकारचं आहे त्यावर आकडा बदलतो. हे नियम कंपन्या सारखे बदलत असतात, म्हणून टर्म सुरू होताना प्लॅनचं पान एकदा उघडून आपल्या पटाशी ताडून बघायचं, एवढंच. यात पोरांचा काही दोष नाही आणि तुमचाही नाही.

दुसरं, शिवी. पोरांना निनावी फळा दिला आणि म्हटलं लिहा काय लिहायचं ते, तर कुणीतरी लिहिणारच, कॉलेजच्या बाकावर काय काय कोरलेलं असतं ते आपण बघतोच की. टूलमध्ये शिव्या गाळायचा फिल्टर असतो, पण आपल्याकडची अस्सल शिवी आणि ती पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली त्याला कळेल अशी आशा ठेवू नका. मी त्या दिवशी काही बोललो नाही, स्लाइड बदलली, आणि नंतर विचार केला की मी वर्ड क्लाउड का घेतला होता, तर फक्त छान दिसतो म्हणून. शिकवायला त्याचा उपयोग फार थोडा होतो. त्यात मराठीत अजून एक भानगड, एकानं गुरुत्वाकर्षण लिहिलं, दुसऱ्यानं रू दीर्घ काढला, तिसऱ्यानं ग्रॅव्हिटी लिहिलं, की टूलच्या लेखी ते तीन वेगळे शब्द, आणि ज्या उत्तराला सगळ्यात जास्त मतं ते तीन बारक्या तुकड्यांत कोपऱ्यात पडून राहतं. म्हणून वर्ड क्लाउड मी वर्षातून दोनदा वापरतो, पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी. बाकी सगळं बहुपर्यायी.

तिसरं म्हणजे ऑनलाइनची १५-२० उत्तरं. हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. मला वाटायचं पोरं झूम लावून झोपतात, काही झोपतही असतील, पण एकदा परळीकडच्या एका पोरानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "सर, एकच फोन आहे, त्याच्यावरच तुमचा तास चाललाय, त्याच्यातनं बाहेर पडून ब्राउझर उघडायचा, कोड टाकायचा, तोवर तुमचा आवाज तुटतो आणि परत आत आलो की तुम्ही पुढं गेलेला असता." मग लख्ख प्रकाश पडला. आपण लॅपटॉपवर बसतो, आपल्यापुढं दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात, पोराच्या हातात वडिलांचा फोन, त्यात मधेच दूधसंघातनं कुणाचा तरी कॉल. तेव्हापासून माझा नियम आहे, ज्या ॲपमध्ये तास चालू आहे त्याच्या बाहेर पोरांना पाठवायचं नाही.

मग ऑनलाइनला काय करायचं? झूमचा किंवा मीटचा स्वतःचा पोल असतो, पण तो मिळणार की नाही ते अकाउंट कुठलं आहे त्यावर आहे, संस्थेनं पैसे भरलेलं असेल तर बघा, साध्या फुकट अकाउंटवर त्याच्या भरवशावर तासाची आखणी करू नका. माझं रोजचं हत्यार चॅट बॉक्स. प्रश्न स्क्रीनवर, पोरांनी फक्त अ, ब, क किंवा ड टाइप करून ठेवायचं, पाठवायचं नाही, मी एक मिनिट गप्प बसतो, मग तीन, दोन, एक म्हटलं की सगळ्यांनी एकदम सेंड. पन्नास-साठ अक्षरं अशी धाडधाड खाली येतात की पोरांनीच त्याला आमच्याकडच्या धबधब्याचं नाव ठेवलं, "ठोसेघर". आता मी नुसतं "ठोसेघर करूया" म्हटलं की कळतं. एकदम पाठवल्यामुळं हुशार पोराचं बघून लिहायची सोय राहत नाही. आणि ज्यांना सगळ्यांसमोर चुकायची लाज वाटते त्यांच्यासाठी झूममध्ये चॅट फक्त होस्टला दिसेल अशी सेटिंग आहे, ती लावली की अक्षरं फक्त तुम्हालाच दिसतात, मोजदाद अंदाजानं करायची, आपल्याला काय मतमोजणी करून गुलाल उधळायचा नाहीये.

व्हॉट्सॲपचा पोल बऱ्याच जणांना सुचतो कारण ग्रुप आधीच असतो. त्यात १२ पर्यंत पर्याय देता येतात, सगळं ठीक, पण कुणी कशाला मत दिलं ते सगळ्या ग्रुपला दिसतं. जादा तास रविवारी ठेवू का शनिवारी, यासाठी उत्तम. कन्सेप्टच्या प्रश्नाला नको, पहिली दहा उत्तरं आली की बाकीची पन्नास त्यांच्या मागनं मेंढरासारखी जातात. टेलिग्रामवर निनावी क्विझ पोल आहे, उत्तर दिल्यावर बरोबर-चूक आणि खाली स्पष्टीकरण पण दिसतं, घरी सोडवायला द्यायला तो चांगला. क्विझिझ, बंगळुरूत सुरू झालेलं, २०२५ मध्ये त्याचं नाव वेग्राउंड केलंय, त्यात प्रश्न पोराच्या स्वतःच्या फोनवर येतो आणि ज्याच्या त्याच्या वेगानं जातो, त्यामुळं रेंज कमी असलेल्या गावातल्या पोरांना ते बरं पडतं. पण हे सगळं तासाबाहेरचं झालं.

आता वर्ग, जिथं मोबाइलच नाही. मॅडम, तुम्ही ही अडचण म्हणून लिहिलीय, मला ती सोय वाटते. फोन बाहेर निघाला की पोल दोन मिनिटांचा आणि फोन परत दप्तरात जायला दहा मिनिटं.

प्लिकर्स नावाचा प्रकार बघा. प्रत्येक पोराला एक छापील कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी चौकोनी नक्षी, प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी म्हणजे नंबर वेगळा. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पोरानं आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, आणि फोन फक्त तुमच्या हातात, ॲप उघडून कॅमेरा वर्गावरनं फिरवला की कुणाचं काय उत्तर ते नोंदलं जातं. अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याला सहजासहजी कळत नाही. कार्डांचा मोठा संच ६३ चा आहे, तुमची पोरं ७०, म्हणून सगळ्यांना एकेक मिळणार नाही, आणि मी म्हणेन बरंच झालं. बाकावर दोघं बसतात ना, एका बाकाला एक कार्ड द्या. ३५ कार्डं पुरली. दोघांचं मिळून एक उत्तर म्हटलं की कार्ड वर यायच्या आधी दोघांची जी कुजबुज आणि ओढाओढी होते तिथंच निम्मं शिकणं होऊन जातं.

कार्डं साध्या कागदावर छापली तर आठवड्यात मऊ पडतात. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही, हा खर्च मी करून बसलोय. शेवटी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, आमच्याकडं मे महिन्यात पत्रिकांचा ढीग पडतो, त्यांचे जाड पुठ्ठे कापून मागं चिकटवले. गेली तीन वर्षं तीच कार्डं चाललीत, फक्त कोपरे चावलेले आहेत. पोरांना एक गोष्ट पहिल्या दिवशी घोटून सांगायची, कार्ड कडेला धरायचं, बोट नक्षीवर आलं की ते कार्ड कॅमेऱ्याला दिसतच नाही, आणि मग तुम्ही वर्गभर "बाक नंबर चौदा, अंगठा काढ" ओरडत बसता.

हे पण जमत नसेल, किंवा तासाला लाइट गेली आणि फोनची रेंज पण गेली, तर बोटं. एक, दोन, तीन, चार बोटं छातीशी धरायची, हात वर करायचा नाही, म्हणजे मागच्याला दिसत नाही, समोर उभ्या मास्तरला दिसतं. फुकट, लॉगिन नाही, काही नाही. खरं सांगायचं तर आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी हेच करायचे. फळ्यावर वजाबाकी घालायची, पाट्या पालथ्या, "वर" म्हटलं की चाळीस पाट्या वर, आणि गुरुजी दारातनंच एक नजर फिरवून म्हणायचे, "हातचा विसरलाय सगळ्यांनी." आणि खडू घेऊन परत हातच्यापासनं सुरू.

हे "परत हातच्यापासनं सुरू" म्हणजेच ते चौथं दुखणं. गुरुजींनी पाट्या बघितल्या आणि पुढचं शिकवणं बदललं. आपण पोल घेतो, रंगीत खांब वर-खाली होतात, आपण म्हणतो "अरे वा, बऱ्याच जणांचं बरोबर आलंय", आणि पुढची स्लाइड, जी काल रात्रीच तयार होती. पोरं मूर्ख नसतात. दोन दिवस त्यांना रंग आणि आवाजाची मजा येते, तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं की आपण काहीही बटण दाबलं तरी सर तेच करणार आहेत. मग कशाला दाबायचं? मी स्वतः हे केलंय. एकदा अर्ध्याहून जास्त वर्ग चुकला, स्क्रीनवर ढळढळीत दिसत होतं, पण पोर्शन मागं पडलेला म्हणून "हे नंतर बघू" म्हणून पुढं गेलो. ते "नंतर" काही आलं नाही, आणि त्या वर्गात पुढं पोल कधी चाललाच नाही, मी कितीही टूलं बदलली तरी.

म्हणून आता मी प्रश्न लिहितानाच शेजारी दोन ओळी लिहितो, बरेच चुकले तर काय करणार आणि बरेच बरोबर आले तर काय सोडून देणार. या दोन ओळी सुचत नसतील तर तो प्रश्न पोलला टाकत नाही, नुसता तोंडी विचारतो.

यात मी काही नवीन करत नाहीये. हार्वर्डला एरिक मझूर नावाचे फिजिक्सचेच प्रोफेसर आहेत, त्यांच्या लक्षात आलं की आपली पोरं अवघड गणितं फटाफट सोडवतात पण साध्या शब्दांत न्यूटनचा तिसरा नियम विचारला की गडबडतात. १९९१ मध्ये त्यांनी व्याख्यानाची पद्धत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत मत. त्यांचा ढोबळ ठोकताळा असा की पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तेव्हाच शेजाऱ्याशी चर्चा करायला लावायची. त्याच्या खाली असेल तर पोरं एकमेकांना चुकीचंच पटवतील, आपण परत शिकवायचं. वर असेल तर एका वाक्यात उत्तर सांगून पुढं जायचं. मी हे आकडे काटेकोर धरत नाही, पण तीन वाटा आधीच ठरलेल्या असल्या की वर्गात उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. ऑप्टिक्स चालू होतं. प्रश्न टाकला, बहिर्वक्र भिंगानं कागदावर प्रतिमा पडलीय, आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर काय होईल? अ, प्रतिमा अर्धी दिसेल. ब, पूर्ण दिसेल पण अंधूक. क, काहीच फरक नाही. ड, माहीत नाही. पहिल्या मतात अ ला झुंबड, ब ला थोडे, ते थोडे पण बिचकत. खांब मी दाखवलेच नाहीत, फक्त म्हटलं "दोन गट पडलेत, शेजाऱ्याला पटवा." तीन मिनिटं नुसता गोंगाट, शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून बघितलं इतका. एका पोरीनं वहीत किरणांची आकृती काढून बाकावरच्या मैत्रिणीला दाखवलेली मी बघितली, ती म्हणत होती "अगं, प्रत्येक ठिपक्याचे किरण सगळ्या भिंगातनं जातात की." दुसऱ्या मतात ब बरंच वाढलं, पण अ वाले पण हटून बसलेले.

मग उत्तर सांगितलं नाही. लॅबमधनं भिंग आणलेलं होतंच. आमच्या वर्गाच्या खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतो. लाइट बंद केले, खिडकीच्या समोरच्या भिंतीला पांढरा कागद लावला, भिंग पुढं-मागं केलं, आणि कागदावर तळहाताएवढा अजिंक्यतारा उलटा उतरला, आकाश खाली, किल्ला वर, वरचा टॉवर खाली लोंबणारा. पोरं बाकांवर चढली. मग मी काळा कागद सरकवत सरकवत अर्ध्या भिंगावर आणला. किल्ला अख्खाच्या अख्खा राहिला, नुसता मंदावला, ढग आल्यासारखा. मागच्या बाकावरनं एकजण ओरडला "आयला!" आणि मग जीभ चावली. आधी मत दिलं नसतं तर तेच दृश्य बघून पोरं "छान आहे" म्हणून गप्प बसली असती. स्वतःचं मत पणाला लागलेलं होतं म्हणून तो "आयला" आला.

प्रश्न कसे बनवायचे हे त्यातनंच येतं. चुकीचे पर्याय आपण मनानं रचायचे नाहीत, पोरांच्या तोंडातनं उचलायचे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर गेल्या सात-आठ वर्षांतली पोरांची चुकीची वाक्यं आहेत, पेपर तपासताना सापडली की लिहून ठेवतो. ऊसानं भरलेला ट्रॅक्टर आणि एक मोपेड यांची धडक झाली, कुणी कुणावर जास्त बल लावलं? सीझनला आमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रोज दिसतात, त्यामुळं हा प्रश्न पोरांना समजवावा लागत नाही. बहुसंख्य म्हणतात ट्रॅक्टरनं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं. मग लगेच कुणीतरी विचारतंच, "मग सर, चुराडा मोपेडचाच का होतो?" हा प्रश्न आला की त्या दिवसाचा तास झालाच म्हणायचा, बल सारखं पण वस्तुमान कमी म्हणून मोपेडचा वेग एकदम बदलतो, हे मग आपोआप त्यांच्याच तोंडातनं काढून घेता येतं. "न्यूटनचा तिसरा नियम कुणी मांडला" असले प्रश्न पोलला टाकू नका, त्यातनं काहीच कळत नाही.

माहीत नाही हा पर्याय मी प्रत्येक वेळी ठेवतो, त्याचं कारण सांगतो कारण बरेच शिक्षक त्याला नाक मुरडतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं आपणच पोरांना शिकवलेलं असतं की काही सोडायचं नाही, तुक्का मारायचा. तीच सवय पोलमध्ये येते. चार पर्यायांत नुसता तुक्का मारला तरी चौघांत एकाचं बरोबर येतं. समजा तुम्हाला ४० टक्के बरोबर दिसले, तर हिशोब केला तर खरं माहीत असलेले २० टक्केच असू शकतात, उरलेल्या ८० मधले पाव म्हणजे २० तुक्क्यानं लागले. तुम्ही निम्म्याला आलं म्हणून खुश आणि वर्ग कोरा. ड चं कार्ड वर करायची मुभा दिली की हा गोंधळ कमी होतो, फक्त ते कार्ड वर केलेल्यावर कधीही, अगदी गमतीत पण, बोलायचं नाही.

खांब लपवून ठेवणं पण तितकंच महत्त्वाचं. बहुतेक टूलमध्ये रिझल्ट झाकायची सोय असते, ती वापरा, सगळ्यांचं मत आल्यावरच उघडा, आणि दोनदा मत घेणार असाल तर पहिल्या वेळी उघडूच नका. चालू खांब दिसत असले की पोरं भिंगाचा विचार सोडून खांबाचा विचार करतात.

कहूटबद्दल पण कुणीतरी विचारणारच म्हणून सांगून टाकतो. नॉर्वेतलं टूल, २०१३ पासनं आहे, संगीत, रंगीत आकार, पोरांना वेड लावतं. पण त्यात वेगाला गुण आहेत, बरोबर उत्तर झटक्यात दिलं तर १००० च्या जवळ आणि घड्याळ संपता संपता दिलं तर साधारण निम्मे. म्हणजे जो विचार करतो त्याला दंड, आणि ज्याच्या गावात रेंज एक दांडी त्याला पण दंड. युनिट संपल्यावर उजळणीला, शनिवारी, पेढे वाटायच्या मूडमध्ये असाल तर जरूर खेळा, वेळ वाढवून ठेवा. नवीन कन्सेप्ट शिकवताना माझं मत विचाराल तर नको.

किती वेळा, हे तुमच्या वर्गावर आहे. माझ्या ४०-४५ मिनिटांच्या तासाला एक प्रश्न, फार तर दोन. ऑनलाइनला एकाला चार मिनिटं सहज जातात, शेवटच्या पोरापर्यंत थांबायचं नाही, साधारण पाचातल्या चौघांचं आलं की बंद. रोज पण नाही, ज्या टॉपिकला दरवर्षी पोरं घसरतात तिथंच. तुमची ऑनलाइन बॅच मोठी असेल, २००-३००, किंवा यूट्यूबवर लाइव्ह जात असाल, तर माझं ठोसेघर तिथं चालणार नाही, कारण लाइव्हला आवाज पोचायला काही सेकंद उशीर होतो आणि तीन-दोन-एक प्रत्येकाला वेगळ्या वेळी ऐकू येतं, तिथं टेलिग्रामचा पोल शेजारी चालवावा लागेल. संस्था पैसे भरणार असेल तर बाकी गणित पण बदलतं.

म्हणजे तुमच्यापुरतं बोलायचं तर, वर्गात बाकाला एक प्लिकर्स कार्ड, ते होईपर्यंत छातीशी बोटं. रात्री चॅटमधलं ठोसेघर. शनिवारी मोबाइल असेल तेव्हा हौसेला कहूट. आणि सोमवारपासून लगेच सुरू करायचं असेल तर एकच प्रश्न निवडा, त्याच्या शेजारच्या दोन ओळी लिहा, बोटांवर घ्या.

राहिला इंटर्नलचा प्रश्न. मी हे केलंय म्हणून सांगतो, नका करू. एका वर्षी एका बॅचला जाहीर केलं की कार्डाच्या उत्तरांचे ५ मार्क इंटर्नलला. त्या आठवड्यात बरोबर उत्तरं एकदम वाढली, मी घरी जाऊन बायकोला पण सांगितलं की यंदाची बॅच भारी आहे. मग एकदा वर्गाच्या मागं उभं राहून बघितलं तर काय, पहिल्या बाकावरच्या एका हुशार पोरीनं कार्ड वर केलं की मागची अख्खी रांग तिचं बघून आपापली कार्डं फिरवतीये. ड तर आठवडाभर एकानंही दाखवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मार्क रद्द केल्याचं सांगितलं, थोडी कुरकुर झाली, आणि त्याच तासाला पोटेन्शियल एनर्जीवर प्रश्न टाकला तेव्हा ३१ बाकांतनं बारा कार्डं ड ची वर आली.